नेफ्यातलं अर्धं बोट

राजाजीनगर, बेंगळूर
शनिवार, १९९९

प्रिय अक्का,

सोमवारी सकाळी दहाच्या आत डॉक्टरांना कळवायचं आहे, डावा गुडघा बदलून घ्यायचा की नाही. हो म्हटलं तर पुढच्या महिन्यात ऑपरेशन. नाही म्हटलं तर गोळ्या, काठी आणि आहे ते. आज शनिवार. दोन दिवस आहेत.

तू जाऊन तीन वर्षं झाली. तीन वर्षांत तुला एक ओळ लिहिली नाही, आणि आता लिहिते तर गुडघ्यासाठी! हसू नकोस. हा प्रश्न दुसऱ्या कुणाला विचारता येत नाही. तू तो मला एकदा विचारला होतास. मी काय उत्तर दिलं ते तुला आठवत असेल. मलाही आठवतं.

मराठीत लिहिते आहे. जन्मभर शाळेत कन्नड शिकवलं, पण तुझ्याशी बोलताना त्यातलं ‘स्वल्प’ आणि ‘सरी’ एवढंच तोंडात यायचं. बेळगावकडच्या आईने पाटीवर गिरवून घेतलेली अक्षरं या गल्लीत आपल्या दोघींनाच वाचता येत होती. आता एकटीला येतात. नाही, चुकले. वर तुझ्या खोलीत पुण्याची एक मुलगी राहते, मृणाल. तिलाही येतात. तिच्याबद्दल पुढे सांगते.

सुरुवात परकरापासून करते.

तू शिवलेले परकर गेल्या वर्षापर्यंत पुरले. मग एकेक विरत गेला. या मार्चमध्ये मी आयुष्यात पहिल्यांदा तयार परकर विकत आणला. घातला आणि बघते तर डावीकडे लोळतोय! साडीखालून दिसत होता, पायात येत होता. दुसऱ्या दिवशी तो घेऊन मी दुकानात गेले.

“वाकडा कापलाय,” मी म्हटलं.

दुकानदाराने परकर काउंटरवर पसरला, टेप काढली, इकडून मोजला, तिकडून मोजला. “सरळ आहे मिस्. बघा तुम्हीच.”

“माझी बहीण टेलर होती. मला शिकवू नका.”

त्याने दुसरा दिला. तोही डावीकडे लोळला. मी पुन्हा गेले. तिसऱ्या वेळी मला गल्लीतून येताना बघूनच त्याने हात जोडले. “मिस्, माझ्या मुलीला तुम्ही शिकवलंय. तुम्हाला खोटं सांगेन का? चारही बाजूंनी सारखा आहे हो!”

मी घरी आले ती रागातच. आता तयार मालच असा, कुणाला कापायला येत नाही, बाबा असते तर काय म्हणाले असते, वगैरे. शिंप्याच्या घरात वाढल्याचा एवढाच उपयोग झाला बघ. कापडाचा दोष आधी दिसला.

मग ठरवलं की तुझा एक जुना परकर आणि हा नवा एकमेकांवर ठेवून बघायचे, आणि दुकानदाराला पुराव्यानिशी दाखवायचं. बाबा कापड टेबलावर कधी मोजत नसत. जमिनीवर चटाई, चटाईवर कापड. तूही तशीच कापायचीस, गुडघ्यांवर ओणवी होऊन, तोंडात टाचण्या. म्हणून मी खाली, तुझ्या शिलाईच्या खोलीत, चटाई अंथरली आणि खाली बसले. बसले म्हणजे मशीनचा पाय धरून स्वतःला सोडून दिलं.

दुपारचे चार वाजले असतील.

तुझा परकर उलटा केला. तळ सरळ होता. घेर सरळ. मग नेफा बघितला. डावीकडे, जिथे नाडीची चीर असते तिथून मागेपर्यंत, अर्धं बोट कापड जास्त आत घेतलेलं होतं. बाहेरून कळू नये असं. हात फिरवला तरच लागावं असं.

मला वाटलं, चुकून झालं असेल. तू आणि चुकून! मी पेटीतले उरलेले तीन काढले. एकात पाऊण बोट. एकात पाऊण. सगळ्यांत शेवटच्यात, तू गेलीस त्या वर्षी शिवलेल्यात, पुरतं एक बोट.

तरी डोक्यात प्रकाश पडला नाही. मी तशीच बसून कपाटाच्या खालच्या कप्प्यातली मापांची वही ओढली.

ती वही मी कधी उघडली नव्हती. ती तुझी होती. गिऱ्हाइकांची मापं मराठीत लिहायची, कारण गिऱ्हाइकांना ती वाचता येत नसत, हे मला माहीत होतं. का ते मात्र कधी विचारलं नाही. आता वाचलं. ‘शारदम्मा. उजवा खांदा उतरलेला. आतून पट्टी घालणे. सांगू नये.’ ‘पोस्टातल्या बाई. पाठीला किंचित बाक. मागची उंची वाढवणे. सांगू नये.’ पानापानावर तेच. गिऱ्हाइकाचं अंग गिऱ्हाइकाला सांगायचं नाही, कपड्याने सांभाळून घ्यायचं, हा बाबांचा नियम. तू तो पाळलास. अर्धं राजाजीनगर तुझ्यामुळे सरळ चालत होतं!

आणि मग माझं पान. ‘इंदू. डावा गुडघा बाहेर जातो. पाय आखूड पडतो. नेफा डावीकडे अर्धं बोट. सांगू नये.’

शेजारी साल होतं. नऊ वर्षांपूर्वीचं.

अक्का, नऊ वर्षांपूर्वी मी शाळेत तीन मजले चढत होते. मला काही दुखत नव्हतं. दुखत होतं बहुतेक, पण ते दमल्याचं आहे असं वाटायचं. तुला कळलं होतं. कमरेला टेप लावताना कळलं असेल, नाहीतर मागून चालताना बघून. आणि तू काय केलंस? अर्धं बोट आत घेतलंस. मग पाऊण. मग एक. माझा पाय वाकत गेला आणि तू परकर त्याला बसवत गेलीस. मला वाटत राहिलं, मी सरळ आहे.

सांगायचं नाहीस का गं? मी काय गिऱ्हाईक होते?

मग मी तुझं पान शोधलं. वही पहिल्यापासून शेवटपर्यंत उलटली. नव्हतं. सगळ्या गल्लीची मापं आहेत, तुझं नाही. तुझं माप कोण घ्यायचं, अक्का? स्वतःच्या पाठीला स्वतः टेप लावता येत नाही. मी त्याच घरात होते. टेप धरायला तू मला कधी बोलावलं नाहीस, आणि मला कधी सुचलं नाही.

वही मिटली आणि उठायला गेले. उठता येईना.

डावा गुडघा दुमडला होता तो सरळ होईना. उजव्यावर भार देऊन बघितला, मशीन धरलं, मशीन सरकलं. दोनदा प्रयत्न केला. मग सोडून दिला. हाक मारायची म्हटलं तर शेजारचे ऐकतील, धावत येतील, मला चटाईवरून उचलतील. ते नको वाटलं. चार माणसांना कळण्यापेक्षा बसून राहणं बरं! चारपासून साडेसातपर्यंत मी तुझ्या परकरांच्या मध्ये बसून होते. उजेड गेला तरी दिवा लावता आला नाही. बटण भिंतीवर, उभ्या माणसासाठी.

साडेसातला मृणाल आली. ती तिकडे इलेक्ट्रॉनिक सिटीत कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. सकाळी कंपनीची बस तिला घेऊन जाते, संध्याकाळी आणून सोडते. तिने दिवा लावला.

“मावशी! अंधारात काय करताय?”

“कापड बघतेय.”

“अंधारात?” तिने पर्स टेबलावर टाकली. “उठा बघू.”

मी उठले नाही. ती मागे आली, काखेत हात घातले आणि मला उभं केलं. एवढीशी मुलगी आहे. कुठून जोर आला कोण जाणे! उभी राहिल्यावर मी म्हटलं, “पायाला मुंग्या आल्या होत्या.” ती म्हणाली, “हो का.” पुण्याच्या माणसाचं ‘हो का’ तुला माहीत नाही. त्यात सगळं येतं.

आता तुझ्या प्रश्नाकडे येते. आतापर्यंत टाळलं.

तो आठ वर्षांपूर्वीचा मार्च होता, परीक्षेचे दिवस. माझ्यासमोर दहावीच्या पेपरांचे गठ्ठे. तू एक्स-रेचं तपकिरी पाकीट घेऊन आलीस आणि दारात उभी राहिलीस. म्हणालीस, “डॉक्टर म्हणतात, नवा सांधा बसवता येतो. हल्ली करतात म्हणे इथे. काय करू गं?”

मी मान वर केली नाही. म्हटलं, “या वयात कशाला चिरफाड? आणि दोन महिने घरी कोण बघणार?”

तू म्हणालीस, “सरी.” ठीक आहे. मग म्हणालीस, “तुला चहा करू?” आणि त्याच गुडघ्यावर स्वयंपाकघरात गेलीस.

चहा मी प्यायले.

‘या वयात’ म्हणजे चौसष्ट. मी आता त्रेसष्टची आहे.

खरं काय होतं ते आज लिहिते. मला तुझ्या वयाची काळजी नव्हती. चिरफाडीचीही नव्हती. मी रजेचा विचार केला. त्या वर्षी मला हेडमिस्ट्रेस करतील असं सगळे म्हणत होते. दोन महिने घरी राहिले असते तर ते हुकलं असतं. नंतर त्यांनी केलं नाहीच. दुसरीला केलं. तुला ते कळलं तेव्हा तू माझ्यासाठी वाईट वाटून घेतलंस!

लग्न होऊन दोन वर्षांत विधवा होऊन परत आलीस आणि बाबांच्या मशीनवर बसलीस, ते शेवटपर्यंत. मी कॉलेजात जाऊन कविता वाचत होते तेव्हा खालून मशीनचा आवाज यायचा. पायडल वर, पायडल खाली. त्या आवाजात मी किती पुस्तकं वाचली! तो आवाज गुडघ्यातून येतो हे कुठल्याच पुस्तकात नव्हतं.

एक गोष्ट अजून सांगायची आहे. ती तुला माहीत असेल. मला माहीत आहे हे मात्र तुला माहीत नसावं.

शेवटची चार वर्षं तू जिना बसून उतरायचीस. सकाळी साडेपाचला, मी उठायच्या आधी. अठरा पायऱ्या. एक धप्प आवाज, मग थांबणं, मग पुन्हा धप्प. मी अंथरुणात जागी असायचे. मोजायचे. अठरावा आवाज झाला की आणखी पाच मिनिटं पडून राहायचे, मग उठून मोठ्याने खाकरत खाली यायचे. तोवर तू मशीनपाशी बसलेली असायचीस, केस विंचरून. म्हणायचीस, “उठलीस? आज लवकर!”

मी बाहेर आले असते तर तुला लाज वाटली असती, असं मी स्वतःला सांगत होते. चार वर्षं तेच सांगत होते. पण लाज तुझी सांभाळत होते की माझी?

मृणालने मला चटाईवरून उठवलं त्याच्या दुसऱ्या दिवसाची सकाळ ऐक.

जानेवारीपासून मीही जिना बसून उतरते. सांगायला नको, तुला कळलंच असेल. साडेपाच ही वेळसुद्धा तुझीच. त्या सकाळी पाचव्या पायरीवर होते आणि मागे दार उघडलं. मृणाल. तोंडात ब्रश, केस विस्कटलेले.

“मावशी, हे काय?”

“पायऱ्या पुसतेय.”

“साडीने?”

ती ब्रश हातात घेऊन खाली आली आणि माझ्या शेजारी पायरीवर बसली. “मला रोज वाटायचं, मांजर आहे. एवढं पंक्चुअल मांजर! कधीपासून चाललंय हे?”

“स्वल्प दुखतं गं.”

“मला कन्नड येत नाही मावशी. पण हे स्वल्प दिसत नाहीये.”

मग तिने काय केलं माहीत आहे? माझ्याबरोबर बसून उतरली. एक पायरी मी, एक पायरी ती. तेरा पायऱ्या. खाली पोचल्यावर म्हणाली, “सिरियसली, हे भयंकर आहे. मला पंचविसाव्या वर्षी लागलं.” आणि कंपनीच्या बससाठी पळत गेली.

एवढंच करायचं होतं, अक्का. दार उघडायचं आणि शेजारी येऊन बसायचं. पाच पावलं होती माझ्या खाटेपासून.

गेल्या शनिवारी ती मला डॉक्टरांकडे घेऊन गेली. तरुण आहेत, कन्नड सावकाश बोलतात. त्यांनी विचारलं, “दुखतं किती?”

“स्वल्प.”

“चालता किती?”

“चालते.”

“झोप?”

“लागते.”

त्यांनी काही लिहिलं नाही. एक्स-रे दिव्यासमोर धरला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, “मिस्, हा गुडघा ज्याच्या पायात आहे तो स्वल्प म्हणणार नाही. हाडावर हाड घासतंय. मी औषध तुम्हाला देऊ की या फोटोला?”

मृणाल मधेच इंग्रजीत सुरू झाली. जिना, चटाई, मशीन, सगळं. पंचवीस वर्षांची मुलगी माझं माप मोठ्याने वाचून दाखवत होती. कान गरम झाले. आणि खरं सांगू? बरंही वाटलं.

डॉक्टर बोलले ते सरळ बोलले. घाई नाही, जिवाला धोका नाही. गुडघा बदलला तर दुखणं पुष्कळ कमी होईल, पाय बराच सरळ होईल. पण ऑपरेशन मोठं आहे. मला मधुमेह आहे, तर जखमेची भीती थोडी जास्त. रक्ताची गाठ होऊ शकते, त्यासाठी ते काळजी घेतील. पहिले दोन महिने व्यायाम करताना रडू येईल. सांधा किती वर्षं टिकेल विचारलं तर म्हणाले, “पुष्कळ. पण शपथेवर सांगत नाही.” आणि मग म्हणाले, “खाली मांडी घालून बसणं मात्र विसरा.”

हे ऐकून मला राग आला! चिरफाडीचं ऐकलं, गाठीचं ऐकलं, काही वाटलं नाही. पण जमीन सोडायची? आपण दोघी साठ वर्षं जमिनीवर जेवलो. तू जमिनीवर कापड कापलंस. घरात टेबल आलं ते माझ्या पेपरांसाठी. मी डॉक्टरांना म्हटलं, “आमच्या घरात सगळं खालीच असतं.”

मृणाल म्हणाली, “मावशी, तुम्ही परवा खाली बसलात. आठवतंय ना?”

डॉक्टर हसले. मी नाही. पण रिक्षात बसल्यावर विचार केला. दोन वर्षं मी खुर्चीवर जेवते आहे. देवासमोर उभ्यानेच हात जोडते. जमीन कधीच गेली आहे. तिच्यासाठी म्हणून ऑपरेशन नको म्हणणार होते, आणि ती तर माझ्याकडे नव्हतीच.

डॉक्टरांनी एक काम सांगितलं होतं. ज्यांनी हे केलंय अशा कुणाशी तरी जाऊन बोला, माझ्यावर विश्वास ठेवू नका. त्यांनीच एक पत्ता दिला. गेल्या रविवारी आम्ही दोघी के. आर. पुरमला गेलो. बस, मग रिक्षा. स्टेशनामागच्या एका घरात सरोजम्मा नावाच्या बाई राहतात. माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठ्या, दोन वर्षांपूर्वी उजवा गुडघा बदललेला. दार त्यांनीच उघडलं, काठीशिवाय.

बाई बोलायला तिखट. बसल्या बसल्या साडी वर करून जखमेची खूण दाखवली. “बघा. आमचे हे रेल्वेत होते, डॉक्टरने मला रूळ दिला.”

मी विचारलं, “फार दुखलं का?”

“पहिले दोन महिने मी त्या डॉक्टरला रोज शिव्या दिल्या.”

“आणि आता?”

“आता आठवड्यातून एकदा.”

मृणालला काही कळत नव्हतं, पण त्या हसल्या की ती हसत होती.

मी विचारलं, “खाली बसता येत नाही, त्याचं काय?”

त्यांनी साडी खाली सोडली. मग म्हणाल्या, “वाईट वाटतं. खोटं का सांगू? धाकट्या नातवाचं बारसं झालं. बायका सगळ्या चटाईवर, मी एकटी खुर्चीत, पाहुणीसारखी. पण गेले होते ना मी! मोठ्या नातीच्या बारशाला गेलेच नव्हते. घरी बसून गुडघ्याला तेल लावत होते.”

“दुसरा गुडघा?”

“तो नाही केला. भीती वाटते.” त्यांनी डाव्या गुडघ्यावर हात ठेवला. “माझ्या ओळखीच्या एकीचा वाकतच नाही नीट. व्यायाम केला नाही तिने, म्हणून म्हणतात. कोण जाणे. सगळं सगळ्यांना मिळत नाही.”

निघताना मी विचारलं, “तुम्ही कुणाला विचारून ठरवलंत?”

“सगळ्यांना विचारलं. बहीण म्हणाली, या वयात कशाला. भाऊ म्हणाला, या वयात कशाला. तुम्हीही कुणाला विचाराल तर तेच म्हणतील.”

त्या आम्हाला सोडायला फाटकापर्यंत आल्या. चालताना थोडं हलत होत्या, पण चालत होत्या.

आता मी तुला का लिहिते आहे ते कळलं असेल. तू असतीस आणि मी दारात पाकीट घेऊन उभी राहिले असते तर तू काय म्हणाली असतीस? मी खूप विचार केला. तू म्हणाली असतीस, “कर.” मान वर करून म्हणाली असतीस. आणि दोन महिने मला बघितलं असतंस, स्वतःच्या गुडघ्यांवर. म्हणूनच तुला विचारायचा मला हक्क नाही. पण विचारते.

गेले काही दिवस मला असं वाटत होतं की तुला जे मिळालं नाही ते मी घेऊ नये. तू अठरा पायऱ्या बसून उतरलीस, मीही उतरावं, तेवढं फिटेल. काल हे मी मृणालला बोलून दाखवलं. ती कपडे वाळत घालत होती. म्हणाली, “म्हणजे तुम्ही उतरलात की त्या वरून चालत येणार का?” मग जीभ चावली. “सॉरी मावशी.”

सॉरी कशाला? बरोबर बोलली. माझ्या दुखण्याने तुझं कमी होत नाही. तुझं होऊन गेलं.

तर मी सोमवारी हो म्हणणार आहे.

भीती आहे. काल स्वप्नात मी उठतच नव्हते. मृणालने आईला पुण्याहून बोलावते म्हणून सांगितलंय, पंधरा दिवस. मी त्या बाईंना पाहिलेलंही नाही. त्या माझ्यासाठी परक्या गावात येणार! हॉस्पिटलच्या कागदावर जवळचं माणूस कोण असं विचारलंय. मी पेन धरून बसले. मग मृणालचं नाव लिहिलं आणि नात्याच्या रकान्यात ‘शेजारी बसणारी’ असं लिहिणार होते. ‘भाची’ लिहिलं.

आज दुपारी मापांची वही पुन्हा काढली. टेबलावर, घाबरू नकोस. शेवटी दोन कोरी पानं होती. एकावर तुझं नाव घातलं. आकडे माझ्याकडे नाहीत, ते मी कधी घेतलेच नाहीत. खाली एवढंच लिहिलं: ‘अठरा पायऱ्या. दुखत होतं. मला माहीत होतं.’ ‘सांगू नये’ हे लिहिलं नाही.

आणि नव्या परकराचा नेफा उसवला. परवाच मी तो तुझ्यासारखा डावीकडे आत घेतला होता, एक बोट आणि वर थोडा. टीप चांगली आली होती. तरी उसवला. महिनाभर लोळू दे.

डॉक्टर म्हणतात, पाय सरळ झाला की उंची थोडी वाढल्यासारखी वाटेल. मला त्रेसष्टाव्या वर्षी उंची! तेव्हा एक वचन देते. परत आल्यावर, उभं राहता आलं की, मी मृणालला माप घ्यायला सांगेन. ती टेप उलटी धरते, आकडे शेवटाकडून वाचते, तिला शिकवावं लागेल. पण कमरेपासून जमिनीपर्यंत, डावीकडचं आणि उजवीकडचं, जे येईल ते तिने मोठ्याने वाचायचं आणि मी ऐकायचं. सारखं आलं तर सारखं. आखूड आलं तर आखूड. आणि कुणीही विचारलं, दुखतं का, तर दुखत असेल तेव्हा मी दुखतं म्हणेन. किती तेही सांगेन.

ते मग तुझ्या पानासमोरच्या पानावर लिहीन.

तुझी,
इंदू